मुराळ्याची गाडी

आखाजीला अकरा दिवस उरले तेव्हा मी गाडी अमळनेरच्या आमच्या अंगणातल्या लिंबाखाली लावली आणि बाह्या वर सारल्या.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. पण आमच्या खानदेशात ती नुसती तिथी नसते, ती सासुरवाशिणींची सुटी असते. लिंबाला झोके बांधायचे, खापरावर पुरणपोळ्या टाकायच्या, आमरस ओरपायचा आणि गाणी म्हणत दुपार काढायची. लेकीनं आपलं आपण यायचं नसतं. भाऊ न्यायला जातो. त्या भावाला मुराळी म्हणतात. आमची आई जात्यावर बसली की तिच्या ओठी यायचं:

आखाजीचा सण, झोका लिंबाला बांधिला
एक दोर वाट पाहे, बंधू मुळाला धाडिला

आमच्या लिंबाचा दोर तीन वर्षं वाट पाहत होता. माझी थोरली बहीण कोकिळा अकोल्याला दिलेली. आम्ही तिला जिजी म्हणतो. सदुसष्ट वर्षांची झाली. लग्नानंतर तिनं एकही आखाजी चुकवली नव्हती, आणि मग लागोपाठ तीन चुकल्या. का चुकल्या? तर माझी गाडी नालायक ठरली म्हणून.

चौतीस वर्षं मी एसटीच्या वर्कशॉपात काढली. हिरामण पाटलानं हात लावलेली बस घाटात बंद पडली, असं सांगणारा एक ड्रायव्हर आणून दाखवा. आणि माझ्याच अंगणातली, माझ्याच हातची गाडी मला पडद्यावर अक्षरं उमटवून सांगते, ‘प्रवास नामंजूर’. एकदा नाही, तीन वैशाख. अकोल्याहून भाचा शंतनू फोनवर म्हणायचा, “मामा, गाडी जुनी झाली हो तुमची.” रेल्वेनं आणतो म्हटलं तर म्हणायचा, “तुमच्या गारेगार गाडीत मशीन तिला नको म्हणतं, तिथं डब्यातल्या गर्दीत कोण हो म्हणेल?” मी फोन ठेवायचो आणि गाडीला शिव्या द्यायचो.

या वर्षी ठरवलं, मशीनला नाव ठेवायला जागाच ठेवायची नाही.

पहाटे टायर गार असताना हवा मोजली. तापल्या टायरची मोजणी खोटं बोलते. बॅटरीला थंड ठेवणारं द्रव बदललं, त्याचा पंप सुरू करून कान लावून ऐकला. एसीची जाळी काढली तर आत सगळा गाव निघाला: कापसाचं तूस, लिंबाचा मोहर, एक वाळलेला मुंगळा. गॅस भरला. ब्रेकचं तेल बदललं. मागच्या सीटखाली वीस लिटर पाणी बांधलं आणि पुढच्या खणात कांदे ठेवले. ऊन बाधू नये म्हणून आमच्याकडे कांदा जवळ ठेवतात.

माझी बायको शोभा ओट्यावर कैऱ्या चिरत होती. “बहिणीसाठी गाडीला एवढं न्हाऊमाखू घालताय. मला आणायला आलात तेव्हा चाकात हवा आहे का तेवढंही बघितलं नव्हतं.”

“तेव्हा मोटारसायकल होती.”

“तीच पंक्चर झाली होती. पारोळ्यापर्यंत चालत आले मी, नव्या नवरीची.”

“म्हणून तर शिकलो.”

“शिकलात. बहिणीच्या वेळी उपयोगी पडलं.”

सगळं झाल्यावर मी माझा हुकमी एक्का काढला. वाळ्याचे पडदे. गवताच्या मुळ्यांचे, ओले केले की गार सुगंधी वारा देणारे. उन्हाळ्यात आमच्या घराच्या खिडक्यांना तेच असतात. मागच्या दोन्ही काचांना आतून बसतील असे कापून घेतले, पाण्यात चिंब भिजवले आणि टांगले. वाटेत एसी बंद पडलाच तरी माझी जिजी वाळ्याच्या गारव्यात येईल. काचा लावल्या, तासभर गाडी तशीच ठेवली आणि मोठ्या ऐटीत पडद्याला विचारलं, अकोला, येताना जिजीसकट?

दोन मिनिटांनी उत्तर आलं. प्रवास नामंजूर.

माझ्या हातातला पाना अंगणापार जाऊन तुळशीपाशी पडला. “आता कैऱ्या आत नेते,” शोभा म्हणाली, “नाहीतर त्याही जातील.”

*

हे नामंजूर म्हणणारं जे आहे त्याला सगळे ‘जुळी’ म्हणतात. कुणाला वाटेल गाडीत कुणी साहेब बसलाय. तसं नाही. गाडीच्या अंगोपांगी हजारभर लहान लहान कळ्या, म्हणजे सेन्सर, बसवलेल्या असतात. टायर किती झिजला, बॅटरीचा कुठला कप्पा तापतो, आतली हवा किती गरम, किती ओली, सगळं त्या मोजतात आणि दूरच्या संगणकाला कळवतात. त्या आकड्यांतून तिकडं दुसरी गाडी उभी राहते, हुबेहूब आपल्या गाडीसारखी, फक्त लोखंडाची नाही, आकड्यांची. ती जुळी. तुम्ही अकोला म्हटलं की आधी जुळी अकोल्याला जाऊन येते. दोन मिनिटांत दहा हजार वेळा. एकदा तिचा टायर फुटतो, एकदा पुढं ट्रक उलटतो, एकदा भर दुपारी एसी बंद पडतो. तिच्यात माणसंही बसलेली असतात, तीही आकड्यांचीच. सीट आणि पट्टा आपल्या काळजाचे ठोके आणि घाम मोजून ठेवतात, त्यावरून केलेली. दहा हजारांत दहापेक्षा जास्त वेळा आतलं माणूस दगावलं, की खरी गाडी जागची हलत नाही.

कायदा वाईट नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दोन हजार छत्तीस सालच्या वैशाखात महामार्गावर बारा किलोमीटरची रांग लागली होती. तापलेल्या बॅटऱ्या एकामागून एक बंद पडल्या आणि मिटल्या काचांमागं माणसं गेली. ती काढायला जे मेकॅनिक बोलावले होते त्यांत मी होतो. त्यानंतर उन्हाळ्यात शंभर किलोमीटरपुढं जायचं तर जुळीचा होकार लागतो. मी तेव्हा म्हणालो होतो, शाबास, असंच पाहिजे.

पण आता जुळी कशानं मरत होती? पाना उचलून आणला आणि विचार केला. मेकॅनिकला राग परवडतो, पण तासभरच.

वर्कशॉपातून निवृत्त होताना मी एक जुनं यंत्र आणलं होतं. लाकडी पट्टीवर शेजारी शेजारी दोन काचेचे तापमापक, त्यातल्या एकाच्या टोकाला ओली मलमल गुंडाळलेली. कोरडा पारा हवा किती तापली ते सांगतो. ओला पारा सांगतो, त्या हवेत माणूस किती टिकेल. आपलं अंग घामानं गार होतं, माठासारखं. घाम उडून जाताना उष्णता घेऊन जातो. पण हवाच ओली असेल तर घाम उडणार कुठं? तो नुसता ओघळतो आणि आतलं आत शिजायला लागतं. ओला पारा एकतीसच्या वर गेला की म्हाताऱ्या माणसाला धोका, पस्तीसवर तरण्यालाही.

पट्टी गाडीत टांगली. अर्ध्या तासानं बघतो तर ओला पारा छत्तीसवर.

मग कपाळावर हात मारला. घरात वाळा गारवा देतो, कारण बाहेरची कोरडी लू, तो उन्हाळी झळांचा वारा, त्यातून आत येते आणि ओली होऊन समोरच्या दारानं निघून जाते. मिटल्या काचांच्या गाडीत ती जाणार कुठं? मी गाडीचा कुकर केला होता! मायेपोटी, स्वतःच्या हातानं, बहिणीला वाफवायची तयारी. जुळीनं मला त्यापासून वाचवलं. पडदे काढले, गाडी वाळवली आणि मुकाट्यानं पुन्हा विचारलं. आणखी एक शहाणपण केलं: येण्याचं विचारलंच नाही. फक्त जायचं, आणि एकट्याचं.

मंजूर.

*

आखाजीच्या दोन दिवस आधी पहाटे चारला निघालो आणि ऊन चढायच्या आत अकोल्याला पोचलो. वाटेत गाडीनं हूं की चूं केलं नाही. बॅटरी गार, टायर गार, मीही गार.

जिजी फाटकातच उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. आदल्या रात्रीपासून पिशवी भरून ठेवली असणार.

“बापू, वाळलास रे.”

“उन्हाळ्यात सगळंच वाळतं, जिजी. चल, बस.”

“अरे, चहा तरी...”

“आधी बस. गाडीला तुझी ओळख करून देतो.”

ती पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला. मी पडद्याला म्हटलं, अमळनेर, दोघं. दोन मिनिटं. जिजी पडद्याकडं बघत नव्हती, समोरच्या रस्त्याकडं बघत होती. पडद्यावर लाल अक्षरं आली.

प्रवास नामंजूर.

तिनं पट्टा काढला. सवयीनं काढला, याचंच मला जास्त लागलं. “जाऊ दे, बापू. माझं काळीजच आता तेवढं राहिलं नाही. शंतनूच्या गाडीलाही असंच येतं.”

“तुझ्या काळजाला काय धाड भरलीय? डॉक्टर काय म्हणाला?”

“डॉक्टर म्हणतो ठीक आहे. मशीनला जास्त कळतं ना.”

पिशवी घेऊन ती घरात गेली. मी तापत्या गाडीत बसून राहिलो. काय चुकलं माझं? कुठला बोल्ट राहिला? गाडी एकट्याला आणते आणि माझ्या बहिणीला नेत नाही, हा कुठला न्याय?

काचेवर टकटक झाली. शंतनूची बायको पूर्वा, हातात ताकाचा पेला. ही मुलगी कमी बोलते. चोपड्याची, म्हणजे आमच्याच खानदेशची. पेला देताना तिनं घराकडं एकदा पाहिलं.

“मामा, तुम्ही कारण वाचलंत का?”

“वाचलं. ‘उष्णता सहन करण्याची क्षमता अपुरी.’ तीन वर्षं तेच वाचतोय.”

“ते वरचं. त्याच्यावर बोट दाबून धरा. प्रवासी सीटवर असला तरच उघडतं, आणि मग पाच मिनिटंच. आई आत्ताच उतरल्यात. अजून उघडेल.”

मी बोट दाबून धरलं. लाल अक्षरं बाजूला सरली आणि खालून बारीक काळी अक्षरं आली.

गाडी: उत्तम. प्रवासी एक, हिरामण: योग्य. प्रवासी दोन, कोकिळा: योग्य. दहा हजारांत तीन. काळजीची पातळी: पाच. पाचव्या पातळीला दहा हजारांत शून्य लागते. पातळी लावणारा: शंतनू, मुलगा. मुदत एक वर्ष. यंदा नूतनीकरण: चैत्र पाडवा.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

काळजीची पातळी तान्ह्या बाळांसाठी आणि दवाखान्यातून घरी आलेल्यांसाठी केलेली. घरातल्या कुणीही अंगठा द्यावा आणि आपल्या माणसाला जपावं. ज्यानं लावली त्यानंच काढायची, नाहीतर सरकारी डॉक्टरकडं पंधरा दिवसांचे हेलपाटे. दहा हजारांत शून्य! अहो, माणूस देवघरापर्यंत चालत गेला तरी दहा हजारांत शून्य येणार नाही. माझी बहीण धडधाकट होती. माझी गाडी धडधाकट होती. आणि तीन वर्षं मी एका धडधाकट गाडीच्या पोटात हात घालून नसलेलं दुखणं शोधत होतो.

*

शंतनू वरच्या खोलीत एसीत बसून कंपनीचं काम करत होता. मी हाक मारली तशी गल्लीतली दोन कुत्रीही उठली.

“काय मामा, एवढ्यानं?”

“पाडव्याला अंगठा कुणी दिला?”

तो समजला. खाली आला, पण नजर पायऱ्यांवर. “मामा, काळजीपोटी लावलीय. मागं एकदा आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती. प्रवासात असं झालं असतं तर?”

“कुठं पडली होती?”

“सांगितलं ना, स्वयंपाकघरात.”

“मग तू तिचा प्रवास बंद केलास. स्वयंपाकघर का नाही केलं?”

घरात कसला तरी वास भरून राहिला होता, आंबूस आणि गरम. मी आत गेलो. लू आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद. मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक रटरटत होता आणि लुगडं बदलून जिजी त्यात लाकडी दांडा फिरवत होती. कुरडयांचा घाट. चीक घोटायला लागलं की थांबता येत नाही, नाहीतर गुठळ्या होतात. वाफेनं भिंती ओघळत होत्या. माहेरी निघालेली बाई पट्टा काढून दहा मिनिटांत चुलीपुढं उभी होती, आणि घरात कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी गाडीतून माझी लाकडी पट्टी आणली आणि पातेल्याशेजारच्या खुंटीला टांगली.

“हे काय?” शंतनू म्हणाला.

“तुझ्या जुळीकडं जे आहे तेच. हे जुनं आहे, पण खोटं बोलत नाही. इथं उभा राहा. हलायचं नाही.”

पूर्वानं जिजीच्या हातातला दांडा घेऊन शंतनूच्या हातात दिला. तो घोटायला लागला. दोन मिनिटांत त्याचा सदरा पाठीला चिकटला. पाच मिनिटांत तो खिडकीकडं बघायला लागला. ओला पारा चढत चढत तेहेतीसवर थांबला.

“एकतीसवर तुझी जुळी गाडी थांबवते,” मी म्हणालो. “तुझी आई रोज या हवेत उभी राहते. इथं लाल अक्षरं उमटत नाहीत, कारण इथं कुणी मोजतच नाही. माझ्या गाडीत ती तुझ्या हिशेबानं मरते आणि इथं तुझ्या कुरडया होतात! काळजी म्हणतोस याला? सरळ म्हणायचंस की आई गेली तर तुझ्या पोरीला, इराला, कोण सांभाळणार, वाळवण कोण घालणार. मी भांडलो असतो, पण मुराळी म्हणून भांडलो असतो. तू मला मेकॅनिक करून ठेवलंस. तीन वर्षं बॅटऱ्या उघडायला लावल्यास!”

पूर्वीच्या बायकांनी हे सगळं सोसून गाऊन ठेवलंय. माझ्या आईचीच दुसरी ओवी होती:

दारात उभा बंधू, सासू काढिते दळण
जातं फिरे जागच्या जागी, दूर माहेराचं वळण

पण त्या सासवांचं एक बरं होतं. त्या समोर उभ्या असायच्या. त्यांना शिव्या देता यायच्या. आता दळण काढणारं कुणी दिसतच नाही. पडदा लाल होतो आणि सगळे मिळून हळहळतात.

शंतनूनं दांडा सोडला. चेहरा लाल, वाफेनं की आणखी कशानं कोण जाणे. आणि मग तो जे बोलला ते माझ्यावर नव्हतं.

“सगळे मलाच बोला. मला हे शिकवलं कुणी? आई, पूर्वाला पाचवी पातळी तूच लावलीस ना? मला वाटलं, असंच करतात.”

चीक पातेल्यात फुटत राहिला. फद्, फद्.

जिजीनं पदरानं तोंड पुसलं. “ती बाळंतपणाची गोष्ट. सातवा महिना होता. उन्हातान्हात हिचा भाऊ न्यायला आला, म्हणून लावली. काढायची राहून गेली.”

“राहून नाही गेली, आई,” पूर्वा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “दर पाडव्याला ते विचारतं, चालू ठेवायची का. दर पाडव्याला तुम्ही अंगठा दिलात. यंदाही दिलात. मी समोर पुरण वाटत होते.”

“तुला माहीत होतं?”

“चार वर्षं.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“कुणाला बोलू? दादा दर वर्षी गाडी तयार करून यायचा. तुम्ही त्याला सरबत द्यायचात आणि सांगायचात, आम्ही तर पाठवलं असतं हो, पण मशीन नको म्हणतं. तो फाटकाबाहेर उन्हात गाडीचं टोपण उघडून बसायचा. मामांसारखाच.”

मी गाडीखाली घातलेली सगळी तीन वर्षं मला एकदम आठवली, आणि त्या अनोळखी पोराची पाठ दिसली. बहिणीच्या दारात, वैशाखात, बोल्ट आवळत बसलेली.

आता मला माझ्या बहिणीचाच राग आला, आणि तो कुठं ठेवावा हे कळेना. तिला न्यायला तर मी आलो होतो. भाच्यावर मी गल्ली गोळा करीपर्यंत ओरडलो होतो. तिच्यावर तोंड उघडेना.

“जिजी,” मी एवढंच म्हणालो, “तुला तरी कळायला हवं होतं गं.”

शंतनूनं मुकाट्यानं आपल्या फोनवर आईची पातळी काढली, अंगठा दिला. जिजीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती पूर्वाजवळ गेली, फोन पुढं केला. “कुठं दाबायचं ते दाखव.”

पूर्वानं दाखवलं. जिजीचा अंगठा चिकानं माखलेला होता, यंत्राला ओळखू येईना. तिनं तो लुगड्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. चौथ्यांदा लागला.

“आता बस,” मी म्हणालो. “ऊन वाढायच्या आत निघू. पूर्वालाही घेऊ. चोपड्याला सोडतो आणि पुढं जातो. वाट वाकडी झाली तरी चालेल.”

“नको, मामा,” पूर्वा म्हणाली. “तुमची माया कळते. पण मला माझा भाऊ न्यायला येईल.”

जिजीनं पिशवी उचलून परत खुंटीला अडकवली. “बापू, आपण उद्या पहाटे निघू. आधी हिला जाऊ दे.” आणि तिनं पूर्वाच्या भावाला, अजिंक्यला, फोन लावला. आवाज मोठा केलेला होता, सगळ्यांना ऐकू गेला.

“अजिंक्य, पूर्वाची सासू बोलतेय. आखाजीला ने बाबा तिला. गाडी काढ.”

पलीकडून आवाज आला: “गाडी दिवाळीत मोडीत दिली, काकू. नुसती उभीच होती.”

जिजीच्या हातातला फोन खाली आला. तो पूर्वानं घेतला. “दादा, बसनं ये. पण तू ये.”

*

तो दुपारी चारच्या सुमारास आला. डोक्याला उपरणं, शर्टाला घामाचे नकाशे. वय तिशीच्या आत, पण फाटकाशी येऊन असा थांबला जसा वर्षानुवर्षं तिथंच थांबलेला म्हातारा. आत पाऊल टाकलं नाही. सवयीनं अंगणात गाडी शोधली, माझी दिसली, तिच्या पडद्याकडं नजर गेली.

जिजी तांब्या घेऊन फाटकापर्यंत गेली होती, त्याच्या पायांवर पाणी घालायला. मुराळ्याचे पाय असे धुतात.

“काकू,” त्यानं विचारलं, “मशीन काय म्हणतंय?”

जिजीनं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

“मशीन कधीच काही म्हणालं नाही, बाळा. मी म्हणत होते.”

तो तिच्याकडं बघत राहिला. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं. मी ओरडलो असतो. पण पूर्वा इराला कडेवर घेऊन पायरी उतरत होती, आणि त्यानं जिजीच्या तांब्याला वळसा घालून, कोरड्या पायांनी पुढं होऊन बहिणीची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

दोघं भावंडं स्टँडच्या दिशेनं गेली. जिजी भरला तांब्या घेऊन फाटकात उभी होती, आणि मी तिला आत चल म्हणालो नाही.